धाकू आज पूर्ण जेवला

पालिकेतला माणूस कुठलाही फॉर्म एकट्याने भरत नाही. पेन हातात असतं, स्वतःचं नाव माहीत असतं, जन्मतारीख तोंडपाठ असते, तरी शेजारच्या टेबलाकडे मान वळवून तो विचारतोच, "तू काय लिहिलंस?" यात भीतीचा भाग नाही. ही रीत आहे. आधी कुणीतरी भरायचा, मग त्याचा बघून बाकीच्यांनी भरायचा. पहिला माणूस कुणाचा बघून भरतो, हा प्रश्न पालिकेत आजवर कुणी विचारलेला नाही.

सुदेश पाणीपुरवठा विभागात लिपिक होता. कोणत्या पालिकेत ते विचारू नये. ठाण्यापासून शहाडपर्यंत पालिका एकमेकींना इतक्या चिकटून बसल्यात की एकीचा पाइप फुटला तर दुसरीच्या लोकांचे पाय भिजतात.

तर या पालिकेत गेल्या एप्रिलमध्ये लवचिक लाभ योजना आली. योजना तशी सरळ होती. पगारावर टॅक्सवाल्याची नजर पडायच्या आधीच त्याचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि तो आपल्या गरजेच्या हेडला लावायचा. कुणाला चष्मा-दातांचं हेड, कुणाला गावच्या प्रवासाचं, कुणाला घरच्या माणसाच्या देखभालीचं. त्या तुकड्यावर टॅक्स नाही. अट एकच, की ज्या हेडला लावला त्याच हेडवर एकतीस मार्चच्या आत वापरायचा. नाही वापरला तर लॅप्स. एका वर्षासाठी एकच हेड, मध्येच बदलता येणार नाही.

फॉर्म आले त्या दिवशी विभागात सगळ्यात आधी फॉर्म भरला प्रशांतने, कारण त्याला घाई होती. त्याची दोन वर्षांची मुलगी सान्वी कोपरीतल्या केशरबाईंच्या पाळणाघरात असायची आणि उशीर झाला की केशरबाई प्रशांतला सगळ्या पोरांसमोर ओरडायच्या. त्याने देखभालीच्या हेडवर खूण केली, मुलीचं नाव लिहिलं, फॉर्म टेबलावर टाकला आणि पळाला. मोठे क्लार्क महेंद्र सर यांनी तो उचलला, चष्म्यातून पाहिला, त्यावर लाल पेनने 'नमुना' असं लिहिलं आणि फळ्यावर टाचला.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या विभागाने फॉर्म भरले.

फिटर गोविंदा निवृत्तीला टेकला होता आणि त्याच्या दोन्ही मुलांना मिशा होत्या. त्याने नाव लिहिलं सान्वी, नातं मुलगी, वय दोन. मीटर रीडिंगच्या पोरांपैकी निम्म्यांची लग्नं व्हायची होती, त्यांनाही सान्वी झाल्या. सुदेशला क्षणभर वाटलं होतं की आपल्याला मुलगी नाही. पण फळ्यावर लाल अक्षरात नमुना लिहिलेलं असताना आपण वेगळं काही लिहिणं हे जरा आगाऊपणाचं दिसलं असतं.

जूनमध्ये महिला व बालकल्याण विभागाकडून पाणीपुरवठा विभागाला अभिनंदनाचं पत्र आलं. मुलींच्या संख्येत एका वर्षात इतकी वाढ कुठल्याच विभागात झालेली नव्हती. महेंद्र सरांनी ते फ्रेम करून लावलं.

पगाराच्या स्लिपची शेवटची ओळ सोडून कुणी काही वाचत नसल्यामुळे पुढे सात-आठ महिने कुणाला काही कळलं नाही. कळलं ते जानेवारीत, आणि सुदेशला ते त्याच्या बायकोकडून कळलं.

"सुदेश," संचिता त्याचा फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोंबिवलीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती दिवसभर लोकांचं रक्त काढायची, त्यामुळे तिचा आवाज कधी चढायचा नाही. "सान्वी कोण?"

"प्रशांतची मुलगी."

"पालिकेचा मेसेज आलाय. आपली कन्या सान्वी हिच्या देखभालीचा निधी अजून वापरलेला नाही."

"हो. माझी पण आहे." सुदेशने जरा विचार केला. "गोविंदाची पण आहे."

संचिताने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि हात पुसले. मग त्याने नमुना, लाल पेन, फळा, सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसताना तिने तोंडावर हात धरला होता, आवाज बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून. बाहेरच्या खोलीत बाबा बसलेले होते.

गेल्या आषाढात आई गेली तेव्हापासून त्या घरात असंच चालायचं. सुदेशचे वडील धाकू हे त्याच पालिकेतून निवृत्त झालेले व्हॉल्व्हमन. कोपरीतल्या अर्ध्या घरांना पाणी कधी आणि किती यायचं, हे अनेक वर्षं त्यांच्या हातातली लोखंडी चावी ठरवायची. गडी बोलका होता. रस्त्यातून जाताना चार जणांना शिव्या घालून आणि आठ जणांच्या ऐकून घरी यायचा. आई, म्हणजे कलावती, गेल्यावर मात्र ते गप्प झाले. सकाळी बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसायचे ते संध्याकाळी सुदेश आला तरी तिथेच. डबा अर्धा खाल्लेला असायचा. म्हणून सुदेश आणि संचिता टीव्ही बारीक ठेवायचे, हसायचे नाहीत, कुकरची शिट्टी झाली तरी एकमेकांकडे बघायचे.

आणि दिवाळीनंतर एकदा बाबा एवढंच म्हणाले होते, "शिमग्याला गावी जातो. तिकडेच राहीन."

गाव राजापूरच्या पुढे. घर बंद, आजूबाजूची चार घरंही बंद, उघडायची ती गणपतीला. सुदेशला दिवसरात्र तेच दिसत होतं, की बाबा तिथल्या ओटीवर एकटे बसलेत, अर्धा डबासुद्धा नाही, आणि कुणी बघायला नाही. तो दर रविवारी विषय काढायचा ठरवायचा आणि दर रविवारी हळू आवाजात विचारायचा, "बाबा, चहा ठेवू?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात महेंद्र सरांच्या टेबलाभोवती सगळे सान्वीचे बाप जमले.

"आता असंय," महेंद्र सर परिपत्रक डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हेड बदलता येत नाही. हेड आहे अवलंबितांची दिवसभराची देखभाल. देखभाल नोंदणी असलेल्या पाळणाघरातच झाली पाहिजे, पावती पाहिजे."

"पण सर, पोरं कुठून आणायची?" गोविंदा म्हणाला. "आमच्या हिला विचारलं तर ती पाइपच घेईल हातात."

"तू मला फॉर्म भरताना का नाही विचारलंस?"

"नमुना लावलेलात की तुम्ही."

महेंद्र सरांनी हा मुद्दा कानाआड केला आणि पुढचं वाचलं. "अवलंबित म्हणजे मुलं अथवा आई-वडील." ते थांबले. पान उलटून पाहिलं. मग पुन्हा उलटून पाहिलं. "वयाची वरची मर्यादा कुठे लिहिलेली नाही."

गोविंदाने हळूच विचारलं, "माझी आई चालेल?"

"चालते का ती?"

"काठीने."

"मग चालेल. नाव बदलायचं शुद्धिपत्रक देतो. फक्त नाव बदलता येतं हां, नातं आणि वय पुढच्या वर्षी."

बाकीच्यांनी लॅप्स झालेलं बरं म्हणून काढता पाय घेतला. सुदेश मात्र उभा राहिला. त्याला एक गोष्ट आठवली होती.

बाबांच्या नोकरीत मार्च महिना हा सण होता. निधी परत जाता कामा नये, हा त्या सणाचा देव. एका मार्चमध्ये हेडला थोडा पैसा उरला म्हणून एका गल्लीत एक व्हॉल्व्ह बसवला गेला. त्याला ना मागून पाइप होता ना पुढे. पण निधी परत गेला नाही. आणि व्हॉल्व्ह बसवलाय म्हणजे तो फिरला पाहिजे, म्हणून बाबा निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी तिथे थांबून तो उघडायचे आणि रोज संध्याकाळी बंद करायचे. आई त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवायची. "अहो, आज कोरड्या व्हॉल्व्हला प्रेशर कसं होतं?"

त्या संध्याकाळी सुदेश बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसला. पाळणाघर, सोबत, मन रमेल, यातला एकही शब्द त्याने काढला नाही.

"बाबा, तुमच्या नावावर एक हेड मंजूर झालंय."

बाबांनी मान वळवली. आठवड्यात पहिल्यांदा वळवली असावी. "कसलं हेड?"

"देखभालीचं. माझ्या पगारातून, टॅक्सच्या आधी कापतात."

"बरं मग?"

"वापरलं नाही अजून. एप्रिलपासून पडून आहे."

"पडून?" बाबा खुर्चीत पुढे सरकले. "जानेवारी आला. एप्रिलपासून काय झोपा काढत होतास?"

"कळलंच नाही."

"आणि एकतीस मार्चला?"

"लॅप्स."

बाबांनी बोटांवर महिने मोजले. "काय करावं लागतं?"

"केशरबाईंच्या पाळणाघरात दिवसभर बसावं लागतं."

"कुणी?"

"तुम्ही."

स्वयंपाकघरात संचिताने भांडं खाली ठेवायचं थांबवलं होतं.

"आणि शिमगा?" सुदेशने विचारलं, कारण त्यालाच राहवलं नाही.

"अक्कल आहे का?" बाबा म्हणाले. "मार्च एंडला कोण रजा घेतं? एक एप्रिलला जाईन."

केशरबाईंचं पाळणाघर दोन गल्ल्या सोडून एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. बाहेर भिंतीवर हत्ती काढलेला होता, दुसऱ्या रंगकामात त्याला सोंडेऐवजी पाइप आल्यासारखं दिसत होतं, निदान बाबांना तसं वाटलं. केशरबाई साठीच्या, नऊवारीवर स्वेटर घातलेल्या. त्यांनी सुदेशकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"कुणाला ठेवायचंय?"

"यांना."

केशरबाईंनी फार आश्चर्य केलं नाही. तीस वर्षांत त्यांनी चावणारी, पळणारी, माती खाणारी अशी सगळी पोरं पाहिली होती. "लसीकरणाचं कार्ड?"

बाबांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंडावरची देवीच्या लसीची खूण दाखवली.

"बरं. चपला रॅकवर, कप्पा ठरलेला. डबा पूर्ण खायचा. दुपारी झोपायचं, झोप नाही आली तरी डोळे मिटायचे. भांडण झालं की दोघांनी सॉरी म्हणायचं. पाण्याच्या बाटलीवर नाव घालून आणा." मग त्या सुदेशकडे वळल्या. "पहिल्या दिवशी रडतात. तुम्ही मागे वळून बघू नका."

सुदेश मागे वळून न बघता गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मग त्याने बघितलं. बाबा दारात उभे होते, हातात बाटली, आणि हत्तीच्या चित्राकडे बघत होते. सुदेशला त्या दिवशी ऑफिसात एकही काम धड जमलं नाही. प्रशांतने त्याला चहा दिला आणि म्हणाला, "मला पण पहिल्या आठवड्यात असंच व्हायचं. सवय होते रे."

संध्याकाळी मेसेज आला. केशरबाईंच्या मेसेजचा साचा सगळ्यांना एकच, त्या फक्त नाव बदलायच्या. 'धाकू आज अर्धा जेवला. झोपला नाही. कुणाशी खेळला नाही.'

सुदेशने तो संचिताला पाठवला. तिने उत्तर दिलं, 'नव्या मुलांचं होतं असं.'

तिसऱ्या दिवशी गोविंदाची आई मालनआजी दाखल झाली. तिला ऐकू कमी यायचं आणि वाद घालायला जास्त आवडायचं. त्या दिवशीचा मेसेज असा होता. 'धाकू आज अर्धा जेवला. मालनने त्याची उशी घेतली. दोघांनी सॉरी म्हटलं नाही.'

मग, 'धाकू आज पाऊण जेवला. मालनला सॉरी म्हणाला. मालनला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाला.'

मग, 'धाकूने सान्वीचा निळा ठोकळा परत दिला नाही. समज दिली आहे.'

घरी बाबा यातलं काही सांगायचे नाहीत. येऊन खुर्चीत बसायचे, हळू आवाजात विचारलेल्या प्रश्नांना हळू आवाजात हो-नाही म्हणायचे. पण हळूहळू गोष्टी बदलायला लागल्या. जेवताना ते ताटातलं सगळं संपवून रिकामं ताट संचिताला दाखवायचे आणि थोडा वेळ तसेच धरून ठेवायचे. बाहेरून आले की चपला सरळ जोडीने ठेवायचे. एकदा सुदेशने टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातातून घेतला तर म्हणाले, "मागून घ्यायचं."

फेब्रुवारीच्या शेवटी प्रशांतने ऑफिसात येऊन तक्रार केली. "सुदेश, तुझ्या वडिलांनी तिकडे वेळापत्रक लावलंय."

"कसलं?"

"हात धुवायचं. पोरांचे झोन पाडलेत. खिडकीजवळचा झोन आधी, खेळण्यांचा झोन नंतर. आमची सान्वी काल घरी नळ उघडायला देईना. म्हणते, आज आपली पाळी नाही."

महेंद्र सर हे ऐकून म्हणाले, "काम पक्कं आहे धाकूंचं."

मार्चमध्ये पालिकेकडून सुदेशच्या घरी एक पाकीट आलं. शुद्धिपत्रकात नाव बदललेलं होतं, नातं आणि वय राहिलं होतं, आणि जन्मतारीख सान्वीचीच होती. आत गुलाबी रंगाचं कार्ड होतं. 'चि. धाकू हिला तिसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' सोबत भेट म्हणून नळीची बाटली. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं आणि बाटलीचं झाकण फिरवून पाहिलं.

"वॉशर बरा घातलाय," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच बाटली नेऊ लागले.

पण त्याच आठवड्यात त्यांनी माळ्यावरून मोठी बॅगही काढली. पुसून खुर्चीशेजारी ठेवली. एक एप्रिलच्या सकाळच्या गाडीचं तिकीट त्यांनी स्वतः जाऊन काढून आणलं होतं. सुदेशने बॅग पाहिली, तिकीट पाहिलं. त्याने हळू आवाजात विचारलं, "बाबा, चहा ठेवू?"

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी पाळणाघरात पालकसभा होती. पालकांना बसायला पोरांच्या लाल खुर्च्या. सुदेश एका खुर्चीत गुडघे कानाशी घेऊन बसला, शेजारी गोविंदा आपल्या आईचा पालक म्हणून बसला. नंबर आल्यावर सुदेश आपली खुर्ची कमरेला अडकवूनच पुढे गेला.

"धाकू," केशरबाईंनी मान हलवली. "पहिल्यांदा बोलतच नव्हता. आता दुपारी झोपायच्या वेळेला गप्प बसत नाही. पोरं झोपत नाहीत त्याच्यामुळे. मी तीनदा ओरडले त्याला."

"काय बोलतात?"

"गोष्ट सांगतो. एक कलावती असते. तिच्या घरी पाणीवाला राहत असतो, आणि तरी तिच्याच नळाला पाणी नसतं. ती रोज त्याला काहीतरी टोमणा मारते. पोरं पोट धरून हसतात. मालनला ऐकू येत नाही म्हणून तो तिला परत जोरात सांगतो, की पोरं परत हसतात." केशरबाईंनी स्वेटरची बटणं लावली. "काल कोरड्या व्हॉल्व्हची सांगितली. सान्वीने विचारलं, पाणीच नव्हतं तर रोज का फिरवायचास? तर म्हणाला, न फिरवता ठेवला की गंजतो. मग नंतर उघडतच नाही."

आई गेल्यापासून घरात बाबांनी आईचं नाव एकदाही घेतलं नव्हतं, आणि म्हणून सुदेशनेही घेतलं नव्हतं.

"घरी बोलत नाहीत ते," तो म्हणाला.

"मी विचारलेलं त्याला. इथे एवढं बोलतोस, घरी का नाही? म्हणाला, घरी सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलतात तसं बोलतात. टीव्ही बारीक, आवाज बारीक. सून हसते ती तोंडावर हात धरून. बिचाऱ्यांना माझ्यामुळे घरात मोकळं वावरता येत नाही. मी गावी गेलो म्हणजे सुटतील. इथे बरं, इथे मला ओरडा बसतो." केशरबाईंनी पुढच्या पालकाला हात केला. "तुम्ही लाड फार करता. मुलं अशीच बिघडतात."

सोमवारी पुढच्या वर्षाचे फॉर्म आले. अख्खा विभाग पेन उघडून फळ्याकडे बघत बसला. फळा रिकामा होता. प्रशांतने शपथ घेतली होती की सगळ्यांचे झाल्याशिवाय आपण भरणार नाही. महेंद्र सर म्हणाले, "अरे, कुणीतरी सुरुवात करा. दुपारी द्यायचेत."

सुदेशने फॉर्म पुढे ओढला. शेजारच्या टेबलाकडे त्याची मान आपोआप वळली, ती त्याने परत आणली. हेड: देखभाल. नाव: धाकू. वय खरं लिहिलं. नात्याच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मग त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, वडील. घाई नसताना, कुणाचंही न बघता फॉर्म भरलेला पालिकेचा तो बहुधा पहिलाच कर्मचारी होता. महेंद्र सरांनी फॉर्म वाचला, लाल पेनकडे हात नेला, आणि सुदेशने फॉर्म परत ओढून घेतला.

"हा नमुना नाही, सर," तो म्हणाला. "हा माझा आहे."

एक एप्रिलला सकाळी बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होते. बॅग दारात होती. तिच्यावर नळीची बाटली आडवी ठेवली होती. संचिताने डोंबिवलीची शिफ्ट बदलून घेतली होती आणि ती ओट्याशी पाठ करून उभी होती, काही न करता.

"निघतो," बाबा हळू आवाजात म्हणाले.

सुदेशला आतून रडू येत होतं, पण केशरबाईंनी लाडांबद्दल सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं. त्याने टीव्हीचा आवाज मोठा केला. बातम्यांतल्या बाईने खोलीभर कोकलायला सुरुवात केली. मग तो त्याच्यापेक्षाही मोठ्या आवाजात म्हणाला,

"निघतो काय निघतो? चपला बघा कुठे काढल्यात. दारात? जागा नाही का त्यांना?"

संचिता गर्रकन वळली. बाबांनी चपलांकडे पाहिलं. खरंच त्या वाकड्या पडल्या होत्या.

"आणि ही बॅग कुणाला विचारून काढली? आज पहिली तारीख आहे. नव्या वर्षाचं हेड लागलंय तुमच्या नावावर."

"कुठलं हेड?"

"देखभालीचं. अख्खं वर्ष. फॉर्म गेला, मंजूर झाला, मध्येच बदलत नाही."

"मला न विचारता भरलास?"

"हो, न विचारता भरला. काय म्हणणं आहे?"

कितीतरी महिन्यांनी घरात कुणीतरी बाबांशी भांडत होतं. त्यांची पाठ सरळ झाली, एक हात कमरेवर गेला.

"अरे, पण मी गावी गेलो तर?"

"तर लॅप्स. सगळंच्या सगळं."

"बारा महिने?"

"बारा महिने."

"मूर्खा," बाबा म्हणाले, आणि त्यांचा तो जुना, रस्त्यावरचा, अर्ध्या कोपरीला ऐकू जाणारा आवाज घरात घुमला. "दोन महिन्यांचं हेड संपवताना माझी कंबर मोडली, तू बारा महिन्यांचं लावून बसलास? पाणी खात्यात माझ्या नोकरीत एकदा निधी परत गेला नाही. आणि तू माझा मुलगा..."

"आई असती तर काय म्हणाली असती?" सुदेशने विचारलं. विचारताना त्याचा आवाज थोडा फाटला, पण टीव्हीमुळे ते खपून गेलं.

बाबांनी कमरेवरचा हात खाली घेतला. टीव्हीवरची बाई ओरडत होती.

"म्हणाली असती," बाबा म्हणाले, "कोरडा व्हॉल्व्ह गावी नेऊन कुणाला पाणी सोडणार आहात?"

संचिता हसली. या वेळी तोंडावर हात न धरता, मोकळ्याने. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराबिदराने न पुसता तसंच राहू दिलं. बाबांनी वाकून चपला जोडीने लावल्या. मग बॅगेवरची नळीची बाटली उचलून सुनेच्या हातात दिली.

"भर. आणि डब्यात भेंडी घालू नको, मालन घेते."

"आणि तिकीट?" सुदेश म्हणाला.

"रद्द कर. मे महिन्यात पाळणाघराला सुट्टी असते. तेव्हा जाऊ, तिघं. घर उघडू, झाडू मारू, चार दिवसांत परत." मग जरा थांबून म्हणाले, "ते प्रवासाचं हेड होतं म्हणतोस ना, ते का नाही घेतलंस?"

"एकच घेता येतं, बाबा."

"एकच? कुणी केली ही योजना?" बाबा दाराबाहेर पडत म्हणाले. "वॉशर चांगले घालतात, पण डोकं नाही."

दोघं गल्लीतून चालत गेले. बाबा पुढे, सुदेश बाटली घेऊन मागे. वाटेत बाबांनी दोन पाणीवाल्यांना आणि एका रिक्षावाल्याला शिव्या घातल्या आणि त्यांच्या ऐकून घेतल्या. हत्तीच्या भिंतीपाशी पोचले तेव्हा केशरबाई दाराला कडी लावतच होत्या. आतून सान्वी ओरडली, "धाकू आला." बाबा आत शिरले. मागे वळून बघितलं नाही.

दुपारी सुदेश ऑफिसात होता. गोविंदा नव्या फॉर्मच्या शुद्धिपत्रकावर त्याच्याकडून वडिलांचं नाव उतरवून घ्यायला आला होता, त्याला तो समजावत होता की धाकू हे सगळ्यांचे वडील नाहीत. तेवढ्यात मेसेज आला.

'धाकू आज पूर्ण जेवला. उशिरा आला. कारण विचारल्यावर म्हणाला, मुलगा आवरत नव्हता.'